धुतलेल्या चक्कीचं पीठ

प्रिय आत्या,

तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि त्याचं उत्तर मला अजून येत नाही. चक्कीवरून परत येताना, ज्वारीची पिशवी न दळता तशीच हातात घेऊन तू म्हणालीस, "देवाच्या नावानं चक्की धुतात, मग माणसाच्या नावानं काहून नाही धुवत? तू तर कॉलेजात शिकून राहिली, सांग बरं."

मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली. त्यामुळे बँकेच्या चलनापासून बाबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळीपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडेच यायचे, आणि मी काही ना काही उत्तर ठोकून द्यायची. त्या दिवशी मात्र गप्प राहिले. पुढे बी.एस्सी. झाले. आता नेपियर टाउनच्या कोचिंगमध्ये मुलांना जीवशास्त्र शिकवते, आतड्याची आकृती फळ्यावर न बघता काढते. तरी तुझा प्रश्न जिथे होता तिथेच आहे.

आज लिहायला बसले, कारण सकाळी गल्लीतल्या चक्कीवाल्या भैयाने पुन्हा दगड उघडले. नवरात्र तोंडावर आलंय. तू गेल्यानंतरचं पहिलंच. आणि दुसरं कारण असं, की गेल्या रविवारी आपल्या घरात एक उपवास झाला. हो, आपल्या घरात! ते तुला सांगायचंच आहे. पण त्याआधी माझ्या घशाशी जे साचलंय ते निघू दे.

तुला आठवतं ना भैयाचं ते धुणं? दोन्ही दगड वेगळे करून घासायचे. लाकडी पेटीच्या कोपऱ्यात वर्षभर थिजलेलं पीठ खरवडून काढायचं. पट्टा झाडायचा, डबे पुसायचे, सगळं उन्हात ठेवायचं, मग उदबत्ती लावून दारावर पुठ्ठा टांगायचा: 'धुली चक्की. व्रत का आटा.' त्यानंतर नऊ दिवस फक्त शिंगाडा आणि राजगिरा. चुकून कोणाच्या पिशवीला गव्हाचं पीठ लागलेलं दिसलं, तर भैया ती हातातही घ्यायचा नाही.

म्हणजे गव्हाचा एक कणसुद्धा कसा पसरतो, कुठे लपतो, काय केलं की जातो, हे सगळं सगळ्या जबलपूरला माहीत आहे, आत्या! कोणाला शिकवावं लागत नाही. आणि हेच लोक वर्षाचे बाकीचे दिवस तुला म्हणायचे, "एवढ्याशानं काय होते?"

त्या तीन शब्दांची मला आता शिसारी येते. कोणी म्हणालं की तोंडात खवट तेलाची चव येते.

गोंदियाहून तुला परत आणून सोडलं तेव्हा मी लहान होते. तुझ्या सासऱ्यांनी अंगणात उभं राहूनच बाबांना सांगितलं होतं, "हिला खाल्लेलं लागत नाही. मूल होत नाही. आमच्या घरी उपाशी ठेवलं असं उद्या तुम्हीच म्हणाल." बसले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. तू ट्रंकेवर बसून होतीस, आणि तुझ्या हातातली काकणं कोपरापर्यंत सरकत होती.

मग वर्षानुवर्षं तू आपल्या पुढच्या खोलीत मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवत बसलीस, आणि आई तुला अंगी लागावं म्हणून तूप लावून गरम पोळ्या वाढत राहिली. जितकी माया, तितकं दुखणं! आईला तरी काय माहीत? कोणी जंताचं औषध दिलं, कोणी रक्ताच्या बाटल्या चढवल्या, कोणी म्हणालं मनाचं आहे, नवऱ्यानं टाकलेली बाई आहे. तो शेवटचा डॉक्टर हे बोलताना तुझ्याकडे नाही, बाबांकडे बघत होता. मला त्याचे ते गुळगुळीत हात अजून आठवतात.

नेपियर टाउनच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून तपासलं तेव्हा कुठे कळलं. गव्हात एक चिकट प्रथिन असतं, ग्लूटेन. त्यानं तुझ्या आतड्याच्या आतली लव झडून गेली होती, म्हणून अन्न अंगी लागत नव्हतं. गहू, मैदा, रवा, जव, सगळं जन्मभर बंद. एक कणही नको, त्या म्हणाल्या. ऑटोतून परत येताना तू म्हणालीस, "म्हणजे मी खराब नव्हती, पोळी खराब होती."

मी हसले होते. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

पोळी सोडली तरी तुझं पोटाचं दुखणं सुटलं नाही. काहून? डॉक्टरीणबाई म्हणायच्या, काही तरी जातंय पोटात. आई शपथेवर सांगायची, काहीच देत नाही. शेवटी मी स्वयंपाकघरातला एकेक डबा उन्हात नेऊन वाचायला बसले. हिंगाच्या डबीच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, गव्हाचं पीठ! ज्या वरणावर तू जगत होतीस त्या वरणाच्या फोडणीतच ते होतं. तुला बरं वाटावं, गॅस होऊ नये म्हणून आई हिंग जरा जास्तच घालायची.

मग तर मला जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. दुकानातल्या सुट्या बेसनात गहू मिसळलेला. सूपच्या पाकिटात मैदा. मसाल्याच्या चण्यांवर पीठ चोळलेलं. आपल्या लाकडी पोळपाटाच्या भेगेत किती वर्षांचं पीठ होतं देव जाणे, त्यावरच तुझी भाकर थापली जायची. पुऱ्या तळलेल्या तेलात तुझे पापड. बडा फुहारा बाजारातल्या एका मिठाईवाल्याला तू स्वतः विचारलंस, खोव्याच्या जलेबीत मैदा तर नाही? तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "दीदी, खालिस खोवा और अरारोट, आप आँख मूँद के खाइए." तू किती दिवसांनी काहीतरी गोड खाल्लंस! रात्रभर तुझी पाठ धरून मी मोरीत उभी होते. दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्याला विचारलं, तर कढईवरची नजरही न उचलता म्हणाला, "बाँधने के लिए ज़रा सा तो डालना ही पड़ता है."

ज़रा सा! एवढंसं! प्रत्येक भाषेत तोच शब्द.

आणि ती मैद्याची लई? जयंतीच्या पताका चिकटवायला दरवर्षी आपल्याकडेच शिजायची, कारण तुझ्या हातची लई गाठी न होता उतरायची. निदान झाल्यावरही मंडळाची मुलं पातेलं घेऊन आलीच. मी म्हटलं, हिला मैद्याची धूळसुद्धा नको, बाजारातून डिंक आणा. त्यातला एक म्हणाला, "आत्याबाई खाणार थोड्याच आहेत, ढवळायचीच तर आहे." तू उठून ढवळलीस. नाकातोंडात मैदा जात होता तरी ढवळलीस, कारण पताका समाजाच्या होत्या. मी तुझ्यावर त्या दिवशी फार चिडले होते. आजही चिडलेलीच आहे, बरं का! इतकं चांगलं असायची काय गरज होती?

चक्कीचं तर तूच भोगलंस. आपली ज्वारी गव्हानंतर दळली की पहिलं ओंजळभर पीठ गव्हाचंच निघायचं. म्हणून तू नवरात्राच्या आदल्या दिवशी गेलीस, चक्की धुतल्याबरोबर, आणि भैयाला म्हणालीस की शिंगाड्याच्या आधी माझी ज्वारी काढून दे. मी सोबत होते.

भैया म्हणाला, "ज्वार तो अनाज है दीदी. फिर से धोना पड़ेगा."

"तो मेरे लिए किसी और दिन धो दीजिए. धुलाई के पैसे दूँगी."

"बिना व्रत के कौन धोता है?"

"मेरी तबियत का सवाल है, भैया."

"तबियत डॉक्टर का काम है," तो म्हणाला. "ये धरम का काम है." आणि रांगेतल्या बायका आपल्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू आपण देवळात चपला घालून शिरलो. तिथून परत येताना तू तो प्रश्न विचारलास.

पुढच्या नवरात्रात तू ज्वारी नेलीच नाहीस. शिंगाडा नेलास आणि रांगेत उभी राहिलीस. शेजारच्या मिश्रा काकूंनी विचारलं, अरे, आप लोग भी व्रत रखने लगे? तू मान हलवलीस. बस्स, एवढंच! आणि सगळं बदललं. भैयाने तुझी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. मिश्रा काकूंनी वेगळ्या कढईत केलेले साबुदाणे पाठवले, वरून झाकून, कोणाचा खरकटा हात न लागू देता. जी बाई तुझ्यासाठी चमचा बदलायची नाही, तिने कढई बदलली!

त्या दिवसांत तुझ्या गालावर रंग आला होता. मला वाटलं होतं तू खूश असशील. पण भाकर मोडताना तू म्हणालीस, "ज्या शुद्धीनं आपल्या माणसायले दाराच्या बाहेर ठेवलं, त्याच शुद्धीच्या मागं लपून मी जेवून राहिली." मग घास तोंडात घातलास, कारण भूक तर खरी होती.

हे वाक्य मी कितीदा मनात घोळवलं असेल! कोणाची किळस करावी तेच कळत नाही. भैयाची? काकूंची? की आजारी बाईला जेवायला खोटं बोलायला लावणाऱ्या या सगळ्या चांगुलपणाची?

आणि बाबा. फॅक्टरीतून येताना कोणी तरी त्यांना सांगितलं की तुमची बहीण उपवासाच्या रांगेत होती. विहाराच्या समितीवरचा माणूस! त्यांनी सायकल भिंतीला लावायच्या आधी तुला हाक मारली.

"आपण दीक्षा घेतलेली माणसं, विमल. मी विहारात कोणत्या तोंडानं बसू?"

तू म्हणालीस, "दादा, मले भाकर पाहिजे, देव नाही."

"मग लोकायले खरं सांग ना."

"खरं सांगून पाह्यलं," तू म्हणालीस.

बाबांनी त्यानंतर तुला धुतलेल्या चक्कीवर जाऊ दिलं नाही. मला तेव्हा बाबांचं पटलं होतं, आत्या. खोटं बोलून मिळवलेलं पीठ नको, असंच मलाही वाटायचं. मी म्हणायची, आपण लोकांना समजावू, पत्रक काढू, विहारात भाषण देऊ. आणि दिलंही! टाळ्या पडल्या. भाषणानंतर भोजनदान होतं, तिथे एका मावशीने पुरी तोडता तोडता माझ्या पाठीवर हात फिरवला, "किती छान बोलली पोरगी," आणि त्याच पिठाच्या हाताने तुझ्या ताटात भात वाढला.

शेवटचे दिवस तर मला लिहायचेही नाहीत, पण लिहिते. तुझं आतडं आता कशालाच दाद देत नव्हतं. वॉर्डात तुझ्या खाटेच्या उशाशी मी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता, गेहूँ मना है. रोज सकाळी त्या कागदाखाली स्टीलची वाटी येऊन बसायची. दलिया! गव्हाचा दलिया! वाढणारी बाई प्रेमाने सांगायची, "हल्का है, मरीज़ों का खाना है." मी वाटी परत द्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी. साय धरलेली, कडेला ओघळ सुकलेली. तुझ्या शेवटच्या सकाळीही ती तिथे होती. तू गेल्यावर तिच्यावर एक माशी बसली होती, आणि मला रडू येण्याआधी ओकारी आली.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणालाही पुऱ्याच होत्या. मी म्हटलं होतं भात-वरण ठेवू. मोठे काका म्हणाले, शंभर माणसांना भात पुरत नाही, पुरी सोपी. सगळे तुझ्यावर छान बोलले. त्यागमूर्ती म्हणाले! तेलकट बोटांनी डोळे पुसत म्हणाले.

आता माझं ऐक.

तू गेल्यावर महिन्याभरात मला चक्कर येऊ लागली. तेच रक्त कमी, तेच पोट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात आहे, तपासून घे. तपासलं. तुझाच आजार आहे, आत्या. तुझ्याकडून मला काय यायचं होतं, शिवणकामाची नजर, लांब बोटं, तर हे आलं!

मला भीती नाही वाटली फार. माझ्याकडे तर सगळी यादी तोंडपाठ होती, तुझ्या जीवावर शिकलेली. मी आईला सांगितलं. आई माझ्या शेजारी बसली, माझा हात हातात घेतला, आणि म्हणाली, "कोणाले सांगू नको. लग्न जमेपर्यंत चूप राह."

आणि लग्नानंतर?

"मग पाहू. तोपर्यंत लोकायसमोर एखादा घास खात जा. एवढ्याशानं काय होते?"

तुला पोचवून दोन महिने झाले होते. फक्त दोन महिने! माझा हात आईच्या हातात होता, आणि मला तो काढून घ्यावासा वाटला.

तरी मी काही दिवस चूप राहिले. बाहेर खायचं टाळायला आईने सोपा मार्ग शोधून दिला होता, तुझाच. कोचिंगमध्ये कोणाचा वाढदिवस असला की केक समोर यायचा, मी म्हणायची, आज माझा उपवास आहे. आणि सगळे लगेच मागे व्हायचे, सॉरी मॅडम, हे घ्या, केळं घ्या. एकाने तर टेबल पुसून दिलं. प्रत्येक वेळी मला तुझं भाकरीवरचं वाक्य ऐकू यायचं.

मग गेल्या रविवारी मला बघायला पाहुणे आले. मुलगा नागपूरचा, रेल्वेत, इटारसीला असतो. सोबत त्याचे आई-वडील आणि एक मामी. आपल्याच समाजातले, शिकलेले, दोन्हीकडून दीक्षेचं घर. वडिलांनी आल्या आल्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे हात जोडले आणि बाबांना म्हणाले, आजकाल आपल्याच लोकांच्या घरात काय काय देवघरं निघतात, तुमचं घर पाहून समाधान वाटलं. बाबांची छाती भरून आली.

समोसे होते. खोव्याची जलेबी होती, त्याच दुकानातली! माझ्याही पुढे बशी ठेवली. मी चहा घेतला, बशीला हात लावला नाही. मुलाच्या आईने दोनदा म्हटलं, "घे ना बाई, आमच्यासंग खा." मामी म्हणाली, पोरगी लाजते. मग त्या आईने जलेबीचा तुकडा मोडून माझ्या तोंडापुढे धरला. पाक त्यांच्या मनगटावर ओघळत होता.

आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "तिचा आज उपवास आहे."

आत्या, तू ते ऐकायला हवं होतंस!

मुलाच्या वडिलांनी समोसा बशीत परत ठेवला. "उपवास? कशाचा?"

मिश्रा काकूंपुढे चालतं ते इथे चालत नाही, हे आईच्या लक्षात आलं, पण शब्द सुटला होता. म्हणाली, "गुरुवारचा."

मामी म्हणाली, "आज तर रविवार आहे ना, बाई."

मला खरंच हसू फुटलं असतं. पण मी बाबांकडे बघितलं. एका वाक्याचं काम होतं: पोरीला आजार आहे, गहू चालत नाही. ज्या माणसाने तुला भाकरीसाठी रांगेत उभं राहू दिलं नाही, दीक्षेसाठी, खऱ्यासाठी, तो आता काय म्हणतो ते मला ऐकायचं होतं.

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "हो, बायकांचं असते काहीतरी."

उपवास कबूल केला, आत्या! तसबिरीखाली बसून. आजारापेक्षा उपवास बरा वाटला त्यांना. तुझा उपवास पोटासाठी होता तो लाजिरवाणा, माझा लग्नासाठी होता तो चालला.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं. मोठ्याने नाही, वर्गात सांगते तसं. "उपवास नाही. आमच्या घरात कोणी उपवास करत नाही. मला आजार आहे, माझ्या आत्याला होता तोच. गव्हाचा कणही चालत नाही. जपून खाल्लं तर मी ठणठणीत राहते. नाही जपलं तर काय होतं ते या घराने पाहिलंय."

मुलाच्या आईने आधी मनगट पुसलं, मग पदर जवळ ओढून विचारलं, "लागट असते का?" वडील म्हणाले, सत्य सांगितलंत, चांगलं केलंत, आणि घड्याळ बघितलं. मुलगा इतका वेळ जलेबी खात होता. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे पोळ्या?" तो म्हणाला. "माझ्या पोळ्या कोण करेल?"

मामी हसली, एकटीच. जाताना तिने राहिलेल्या जलेब्या पुड्यात बांधून घेतल्या, वाया कशाला जाऊ द्यायच्या म्हणून.

ते गेल्यावर आई म्हणाली, चार लोकांत सांगायची काय गरज होती? मी बाबांकडे वळून विचारलं, "आत्याला तुम्ही म्हणाला होता, खरं सांग. आज काय झालं?"

"तेव्हा धर्माचा प्रश्न होता," बाबा म्हणाले. "आता तुझ्या लग्नाचा आहे."

"आणि तिच्या पोटाचा प्रश्न कधी होता, बाबा?"

त्यांच्या बशीत समोशाचा कोपरा तसाच होता. माझं बोलणं त्यांना लागलं हे मला दिसत होतं, आणि तरी मला दया आली नाही. तुला आली असती. तू उठून त्यांना पाणी दिलं असतंस. मी नाही दिलं.

सोमवारी मी कोचिंगमधून पगाराचा ॲडव्हान्स घेतला आणि घरी वापरायची छोटी चक्की आणली, नवीकोरी. ऑटोवाल्याने ती दारात उतरवली. बाबा बाहेर आले. त्यांनी ती एका बाजूने धरली. आम्ही दोघांनी मिळून ती पुढच्या खोलीत ठेवली, तुझ्या मशीनच्या शेजारी. ठेवल्यावर बाबांनी तुझ्या मशीनवर हात ठेवला. म्हणाले, "विमलले तेव्हाच आणून द्यायची होती." मी हो म्हटलं. खोटं सांत्वन मला आता करता येत नाही.

मग नेपियर टाउनला जाऊन डॉक्टरीणबाईंकडे माझा नंबर ठेवला. म्हटलं, असे आणखी कोणी असतील तर आमच्याकडे पाठवा, यात गहू कधीच जाणार नाही. परवा रांझी भागातली एक बाई आली, आपल्या मुलीसाठी मका घेऊन. ती मुलगी तुझ्या त्या ट्रंकेवरच्या हातांसारखी बारीक. बाईने घाबरत विचारलं, "दीदी, चक्की धुली है ना?" मी म्हटलं, "इसे धोने की ज़रूरत ही नहीं पड़ेगी." ती पीठ घेऊन गेली आणि दारातून परत येऊन म्हणाली, "हम तो सब जगह व्रत बोल के पिसवाते हैं." तुझ्यासारख्या अजून किती आहेत गं, आत्या, या गावात?

आणि काल आईचं नवलच. ती कणीक मळत होती, मला काही विचारायला पुढच्या खोलीकडे आली. दारात थांबली. आपल्या हातांकडे पाहिलं. मागे फिरली, मोरीवर साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पदराने पुसणार होती, पदरालाही पीठ होतं, म्हणून तशाच ओल्या हातांनी आत आली. काय विचारायचं होतं ते विसरली होती.

म्हणून आज, भैयाच्या दगडांचा आवाज ऐकत, तुला शब्द देते. मी यापुढे कोणाच्याही दारात, कोणत्याही ताटापुढे उपवास आहे असं म्हणणार नाही. उपाशी राहावं लागलं तर राहीन, पण आजाराला आजारच म्हणेन. लग्न झालं तर हे ऐकून होईल, नाही झालं तर नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही येत नाही. लोक माणसाच्या नावाने चक्की काहून धुवत नाहीत, मला खरंच माहीत नाही. पण आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, तसं मी सकाळी त्या चक्कीच्या पुढच्या बाजूला लाल रंगाने, मोठ्या अक्षरांत लिहिलंय: विमल. आता हात लावून पाहिला. रंग वाळला आहे.

तुझी,
करुणा